कुठवर आलंय पानी?

जुलै लागला की आमच्याकडे सकाळचा प्रश्न ठरलेला असतो. आजी चहाचा कप हातात घेते आणि विचारते, "कुठवर आलंय पानी?" मग मी मोबाईल काढतो आणि वाचून दाखवतो, कोयना धरण आज ५२ टीएमसी, नवज्याला काल एवढा पाऊस, महाबळेश्वरला एवढा. एकदा मी तिला टीएमसी म्हणजे काय ते समजवायला गेलेलो, की बाबा एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे किती तर असं असं. ती म्हणाली, "ते आसू दे. पन्नासाच्या वर गेलं म्हंजी देवळाचा कट्टा बुडला." तिचं आपलं वेगळं कोष्टक आहे. पंधरा-वीस म्हणजे विहीर दिसते, तिसाला घराचं जोतं जातं, पन्नासाला देवळाचा कट्टा. धरण पूर्ण भरतं १०५ टीएमसीला, पण तोपर्यंत तिच्या माहेरचं काहीच उरलेलं नसतं, त्यामुळे साठच्या पुढे ती विचारत नाही.

आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात, नदीकाठाला. सासर त्याच खोऱ्यात पण वर, डोंगराच्या अंगाला. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या जावळीतले. माझा जन्म मुंबईचा, शाळा कोपरखैरण्यात, गावाला जायचं ते मे महिन्यात आणि जत्रेला. पण हा जो पश्चिमेकडचा पट्टा आहे ना, घाटमाथा आणि त्याच्या दोन्ही अंगांची जमीन, तो मला कळायला लागला तो आजीच्या या प्रश्नामुळे. म्हणजे पाणी येतं कुठून, जातं कुठे, आणि त्याच्या मागनं माणसं कुठे गेली, हे सगळं मी शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं की आपल्या देशाच्या पश्चिम बाजूची गोष्टच मुळात पाण्याने कुठे वळायचं याची आहे.

बघा, महाबळेश्वरच्या जुन्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात, कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री. यातली सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली उतरते, पोलादपूर-महाड करत हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते, शंभरेक किलोमीटरमध्ये तिचा प्रवास संपतो. आणि कृष्णा? महाबळेश्वरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सत्तर किलोमीटरवर पण नाही, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि जवळपास १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. लहानपणी मला हे फार विचित्र वाटायचं, घराशेजारी विहीर असताना कुणी तीन गावं ओलांडून पाण्याला का जाईल.

याचं कारण फार जुनं आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. आपण गडावर जाताना कड्यात ज्या आडव्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात त्या हेच थर. आजही हा काळा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सगळ्यात जाड तो इथेच, पश्चिम कडेला. पुढे सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून बाजूला सरकला, पश्चिमेची कड उचलली गेली आणि अख्खं पठार पूर्वेकडे कललं, एखाद्या पाटाखाली एका बाजूने लाकूड सरकवावं तसं. तेव्हापासून घाटमाथ्यावर पडलेलं पाणी उताराने पूर्वेला जातं. पश्चिमेला नुसता कडा. तो कडासुद्धा पाऊस खात खात समुद्रापासून आत सरकलाय, आणि त्याच्या पुढ्यात जी चिंचोळी पट्टी राहिली ते आपलं कोकण.

आमच्याकडे अजून कुणी दिशा सांगत नाही, "खाली" म्हणजे कोकण आणि "वर" म्हणजे देश. खालून ढग येतात, कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि सगळं ओझं माथ्यावरच टाकतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की तो हजाराच्या आत. आणखी पुढे माणमध्ये दहिवडीकडे गेलं की पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात हं हे सगळं, सकाळी एसटीत बसलं तर दुपारच्या जेवणाला दुष्काळी भागात पोचता येतं. माझ्या मावशीचं सासर माण तालुक्यात आहे, तिने टँकरच्या मागे हंडा घेऊन धावण्यात किती उन्हाळे घालवले ते तीच जाणे, आणि आमच्या गावात त्याच वर्षी पागोळ्यांनी भिंत खचली म्हणून मामा रडत होता.

या कड्याला जिथे जिथे खाच आहे तिथून वाटा उतरल्या, आणि ज्याच्या ताब्यात वाट त्याच्या ताब्यात दोन्हीकडचा माल. हे सातवाहनांच्या काळापासून चालू आहे. नाणेघाटात गेलात तर गुहेत सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख आहे, यज्ञ केले, गाई दान दिल्या, सगळं कोरून ठेवलंय, आणि घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण, त्यात जकातीची नाणी टाकायचे असं लोक सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नर-पैठणला जायचा. जावळीचंही तेच. शिवाजी महाराजांनी १६५६ साली मोऱ्यांकडून जावळी घेतली ती काय इथे सोनं पिकतं म्हणून नाही, इथे नाचणी आणि वरी पिकते, ती पण डोंगर खणून. पण महाडकडे, कोकणातल्या बंदरांकडे उतरणाऱ्या वाटा जावळीच्या जंगलातून जातात. वाट हातात नसती तर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याला अफजलखान आलाच नसता, आला असता तर परत गेला असता. आम्हा जावळीकरांना हे सांगताना छाती फुगते ते खरं, पण मला त्यात दिसतं ते असं की या भागाची किंमत नेहमी "पलीकडे जायचा रस्ता" म्हणूनच झाली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि दोन वर्षांनी थळ घाटातून, तेव्हा देशावरचा कापूस मुंबईला धडाधड उतरायला लागला आणि आमच्यासारख्या पायवाटांची गरजच संपली. मग घाटातली माणसं पण त्याच रुळांवरून खाली उतरली. माझे पणजोबा त्यातलेच, गिरणीत.

आणि इथे पाण्याची गोष्ट वळते.

गिरण्यांना कोळसा लांबून आणावा लागायचा. कुणाच्या तरी लक्षात आलं की लोणावळ्याला एवढा पाऊस पडतो आणि तो सगळा इंद्रायणीतून, भीमेतून पूर्वेला निघून जातो, तोच अडवून कड्यावरून पश्चिमेला खाली सोडला तर? खंडाळ्याखाली उतार असा आहे की अर्धा किलोमीटर उंचीवरून पाणी नळातून थेट खोपोलीला येतं. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. मुंबईच्या गिरण्या या पाण्यावर चालल्या. ज्या नद्या सहा कोटी वर्षं पूर्वेला जात होत्या त्यांना माणसाने बारा वर्षांत पश्चिमेला वळवलं. मला इंजिनिअर लोकांचं यात खरंच कौतुक वाटतं, आजही खोपोलीहून वर ते लोखंडी नळ बघितले की मान ताणून बघत राहावंसं वाटतं.

पण भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं धरण झालं आणि त्यात मुळा नदीच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती. भाताची उत्तम जमीन. १९२१ मध्ये रामनवमीला मावळे तिथे बसले, सेनापती बापट त्यांच्यात होते, म्हातारीकोतारी, बायका-पोरं, "जान किंवा जमीन" म्हणत. तीन वर्षं लढले. धरण झालंच. धरणग्रस्त हा शब्द आपण आज सहज वापरतो, पण त्या शब्दाच्या मागे पहिल्यांदा कोण उभं राहिलं ते मुळशीचे लोक. शाळेत मिठाचा सत्याग्रह पाठ केला, मुळशीचा कुणी सांगितलाच नाही, आणि माझे पणजोबा ज्या साच्यावर बारा तास उभे असायचे तो घाटातल्याच पाण्यावर फिरत होता हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं.

कोयनेची वेळ स्वातंत्र्यानंतर आली. कोयना महाबळेश्वरहून निघून कड्याला समांतर सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकपाशी एकदम काटकोनात पूर्वेला वळते, मग पाटण करत कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. त्या वळणापाशीच धरण. आणि पाणी मात्र नदीने जायचं नाही, नवज्याजवळून डोंगराच्या पोटातल्या बोगद्याने पश्चिमेला, पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरात, जवळपास पाचशे मीटर खाली. १९६२ ला पहिली वीज निघाली. आज सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात कोयनेला, आणि ते खोटं नाही. संध्याकाळी सगळीकडे एकदम दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात तेव्हा कोळशाचं वीजघर झटकन वाढवता येत नाही, कोयनेचं चक्र मात्र मिनिटांत फिरतं.

आजीचं लग्न झालं त्याच सुमाराला माहेरच्यांना उठायला सांगितलं. वय असेल सोळा-सतरा. गाव मोजलं, घरं मोजली, झाडं मोजली, फणसाचं एवढं, आंब्याचं एवढं. तिचा बाप म्हणाला होता म्हणे, की देशाला वीज लागती तर दिऊ की, आमालाबी एक दिवा मिळंल. भावंडांना घेऊन तो खाली रायगडात गेला, चुलते कुणी ठाण्याकडे गेले, कुणी सांगलीकडे, गाव असं फुटलं की पुन्हा एका मांडवात जमलं नाही. आणि आजी राहिली वर, सासरी. पुढचे दोन-तीन पावसाळे तिने अंगणातून बघितलं, पाणी रोज थोडं थोडं वर चढतंय आणि आपलं घर, गोठा, देऊळ, वडाचं झाड एकेक करून जातंय. हे ती सांगते तेव्हा रडत वगैरे नाही, शांतपणे सांगते. "आदी वावरं गेली. मग वाट गेली. वाट गेली तवा कळलं, आता म्हायारला जायाचं न्हाई."

वाट जाणं ही किती मोठी गोष्ट आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. सासरचं गाव बुडालं नाही म्हणून ते धरणग्रस्त नाही, पण मेढ्याला, साताऱ्याला जायचा रस्ता पाण्याखाली गेला. राहिली फक्त लाँच. बाळंतीण अडली तर लाँच, साप चावला तर लाँच, आणि वारा असला की ती पण बंद. वाट गेल्यावर शाळा गेली, शाळा गेल्यावर तरणी माणसं गेली. आजोबा गिरणीत, १९८२ च्या संपानंतर ते रिकामे, मग वडील माथाडीत, आधी मस्जिद बंदर आणि नंतर वाशी मार्केट. जावळी-पाटणची अर्धी माणसं आज नवी मुंबईत पाठीवर पोती घेऊन उभी राहिली ती अशी. पाणी ज्या कड्यावरून खाली गेलं त्याच कड्यावरून माणसं पण गेली, बोगदा तेवढा वेगळा.

धरण भरल्यावर थोड्याच वर्षांत जमीन हलायला लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, ६.३ च्या आसपासचा, कोयनानगर झोपेत असताना. दीडशेहून जास्त माणसं गेली. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, याचा जगभर जो अभ्यास होतो त्यात कोयनेचं नाव अग्रभागी असतं, आता तर तिथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून आतल्या खडकात काय चाललंय ते बघतात, कराडला त्याची प्रयोगशाळा आहे. गावाकडे अजून मांडणीवरची भांडी वाजली की कुणी दचकत नाही, फक्त भांड्याला हात लावतात. पण जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावात डोंगर घरांवर आला, त्याच दिवशी महाडकडे तळीये गेलं, तेव्हापासून पावसात रात्री लोक जागे असतात. मुरलेलं पाणी, मोकळी झालेली माती, रस्त्यासाठी उभा कापलेला उतार, यातलं शेवटचं तरी आपल्या हातात आहे. घाटातले डोंगर-जंगल कसं राखायचं ते सांगणारा पश्चिम घाट अहवाल २०११ ला आला, त्यावर केवढी भांडणं झाली. माझं मत विचाराल तर दिल्लीतून नकाशावर रेघ मारून डोंगर वाचणार नाही, पण गावाला विचारून, गावाच्या नावावर जंगल ठेवून वाचेल. आमच्या देवराईला कुणी कुंपण घातलेलं नाही आणि कुणी काटकी पण उचललेली नाही.

या मे महिन्यात आजीने हट्टच धरला, मला एकदा दाखव. ऐंशी पार केलेलं माणूस, गुडघे गेलेले. पण यंदा पाणी बरंच खाली गेलं होतं आणि ती रोज आकडा ऐकून बेचैन व्हायची. शेवटी गाडी काढली, साताऱ्याहून बामणोली, तिथून लाँच. लाँचवाल्याला तिने गावाचं नाव सांगितलं, त्याने बरोबर नेलं, अजून ही नावं लाँचवाल्यांच्या तोंडात आहेत, गुगल मॅपवर नाहीत. उतरलो तर सगळीकडे भेगाळलेला गाळ, पांढुरकी पडलेली खोडं, आणि मधेच दगडाच्या रांगा. मला नुसते दगड दिसत होते. आजी काठी टेकत टेकत चालायला लागली आणि वळायची बरोबर, म्हणजे गल्ली असल्यासारखी वळायची, हितनं चुलत्याचं, हितनं आमचं. जोत्याच्या आत गुडघ्याएवढ्या गाळात एका ठिकाणी तिने काठी खुपसली आणि खण म्हणाली. मी हाताने गाळ काढला. उखळ होतं. दगडी, जमिनीत पुरलेलं, साठ वर्षं दरवर्षी बुडून वर येणारं. तिने आत हात घालून तळ चाचपला, एवढंच. फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाली.

परतताना मुद्दाम कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने खाली उतरलो. मला तिला दाखवायचं होतं. घाट उतरताना पोफळी, पुढे अलोरे, कोळकेवाडी, आणि मग चिपळूण. मे महिन्याचा शेवट, कोकणातल्या सगळ्या नद्या कोरड्या, नुसते गोटे, आणि वाशिष्ठी मात्र पात्रभर वाहत होती. हेच ते. वीज काढून झालेलं पाणी. कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या लवादाने पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, आणि त्यातलं बहुतेक सगळं चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, तिथून समुद्रात. वर मावशी हंडा घेऊन धावते, खाली कोकणातल्या वाड्यांना एप्रिलपासून टँकर, आणि मधून हे वाहतंय. मुंबईला न्यायचा विचार कागदावर बऱ्याचदा येऊन गेला, देशावर परत चढवायची मागणी पण होते. मला वाटतं आधी खालच्या कोकणाला द्यावं, ते बिचारं कड्याच्या पायाशी बसून पाण्याकडे बघतंय. तेवढं जरी झालं तरी आजीच्या बापाने दिलेल्या वावराचं काहीतरी झालं असं मला वाटेल.

पुलावर गाडी थांबवली. आजी खिडकीतून बघत होती. "हितनं म्होरं कुठं जातं?" म्हणाली. म्हटलं दाभोळला, समुद्रात. पुढे खेड येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादूकडं जाऊ."

दादू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. हायवेवरून आत, रायगडातल्या पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतो, अठ्ठ्याहत्तरचा आहे. जमीन मिळाली ती माळ, आणि सातबाऱ्यावर नाव लागायला त्याच्या बापाचा आणि त्याचा असा दोघांचा जन्म गेला, अजून एका तुकड्याचं लागलेलं नाही. कुठल्या टेबलावर फाईल आहे ते त्याला पाठ आहे. वसाहतीला नाव तेच दिलंय, बुडालेल्या गावाचं, फक्त पुढे "नवीन" लावून. आम्ही पोचलो तेव्हा लाईट गेलेली होती. तो ओट्यावर अंधारात बसलेला, बॅटरीचा उजेड आमच्या तोंडावर मारून बघितलं, आणि आक्का दिसल्यावर काही बसा-उठा नाही, पाणी-बिणी नाही, पहिलं वाक्य हेच,

"जाऊन आलीस? कुठवर हुतं पानी?"

"उखळाच्या खाली," आजी म्हणाली, आणि त्याच्या शेजारी ओट्यावर बसली.